मराठी मथळा मध्येच का तुटतो?

प्रश्न : आमचे तालुक्याच्या बातम्यांचे संकेतस्थळ पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालते. मुख्य पानावर मथळा १०० अक्षरांनंतर तोडण्याची सोय मूळ प्रोग्रॅमरने केली होती. पूर्वी काही मथळ्यांची जागा कोरीच राहत असे. होस्टिंगवरील पीएचपीची आवृत्ती ७.४ वरून ८.१ केल्यापासून मथळे दिसतात, पण शेवटी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटते. इंग्रजी मथळे मात्र व्यवस्थित असतात. (एक वाचक, सातारा)

उत्तर : मथळा तोडण्यासाठी ‘सबस्टर’ हे फंक्शन वापरलेले असणार. हे फंक्शन अक्षरे मोजत नाही, बाइट (साठवणीची एकके) मोजते. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या संकेतपद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक वर्णाला, मात्रेला आणि हलन्तचिन्हालासुद्धा तीन. ‘पुस्तक’ हा शब्द त्यामुळे १८ बाइटांचा होतो, आणि शंभराव्या बाइटवर कात्री चालवली की ती बहुधा एखाद्या वर्णाच्या मधूनच जाते. उरलेला तुकडा मजकूर वेबपानासाठी सुरक्षित करणाऱ्या ‘एचटीएमएलस्पेशलचार्स’ या फंक्शनकडे गेला, की ८.१ पूर्वीच्या आवृत्त्यांत ते अशा सदोष मजकुरासाठी संपूर्ण कोरी ओळ परत देत असे, ८.१ पासून ते, वेगळी सूचना नसेल तर, सदोष भागाच्या जागी ते प्रश्नचिन्ह ठेवते. म्हणजे दोष आवृत्तीबदलाने निर्माण झाला नाही, तो फक्त दिसू लागला.

‘एमबी सबस्टर’ वापरल्यास प्रश्नचिन्ह जाईल. पण तेही मात्रा हा स्वतंत्र वर्णच मानते, आणि ‘पुस्तक’चे पहिले चार वर्ण मागितल्यास ‘पुस्’ एवढेच हाती देते. पीएचपीच्या ‘इंटल’ या विस्तारातील ‘ग्राफीम सबस्टर’ मात्रा सांभाळते, मात्र जुन्या सर्व्हरवर जोडाक्षर त्यातूनही फुटू शकते. म्हणून ‘एमबी सबस्टर’ने तोडून झाल्यावर त्या तुकड्यातील शेवटची मोकळी जागा ‘एमबी स्ट्रआरपॉस’ने शोधावी आणि मजकूर तिथपर्यंतच ठेवावा, मोकळी जागा सापडलीच नाही, तर काय करायचे तेही कोडमध्ये लिहून ठेवावे. खरे तर माझा कल याहून सोप्या मार्गाकडे आहे : सर्व्हरवरून मथळा पूर्ण पाठवावा आणि दोन ओळींनंतर तो झाकण्याचे काम पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसवर सोपवावे. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर किती अक्षरे मावतील, हे सर्व्हरला कळण्याचा मार्गच नसतो.

प्रश्न : आमच्या डेटाबेसमधील काही जुन्या नोंदी नुसत्या प्रश्नचिन्हांच्या झाल्या आहेत. शिवाय एखाद्या वाचकाने अभिप्रायात इमोजी टाकला, की त्यापुढील मजकूर साठवलाच जात नाही. (एक वाचक, फोंडा)

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हे साठली असतील, तर मूळ मजकूर नष्ट झालेला आहे आणि तो फक्त बॅकअपमधूनच परत मिळेल. त्याऐवजी चित्रविचित्र लॅटिन अक्षरे दिसत असती, तर मजकूर सहसा दुरुस्त करता आला असता. इमोजीचे कारण मायएसक्यूएल या डेटाबेस-प्रणालीच्या ‘यूटीएफ८’ या वर्णसंचाच्या नावात आहे : त्याच्या आत एका वर्णाला तीनच बाइट मिळतात. देवनागरी त्यात बसते, इमोजीला मात्र चार लागतात. मायएसक्यूएलची काटेकोर पद्धत (स्ट्रिक्ट मोड) बंद असेल, तर तिथून पुढचा मजकूर गळून जातो. तक्ते ‘यूटीएफ८एमबी४’ मध्ये बदलावेत, आणि पीएचपीच्या डेटाबेसशी होणाऱ्या जोडणीतही तोच वर्णसंच लिहावा. हे दुसरे काम बहुतेक जण विसरतात आणि मग तक्ते बदलूनही उपयोग झाला नाही, असे म्हणतात. जुन्या मायएसक्यूएलमध्ये इंडेक्सची (शोध जलद करणाऱ्या सूचीची) मर्यादा ७६७ बाइटांची असल्यामुळे इंडेक्स असलेला २५५ वर्णांचा रकाना १९१ वर आणावा लागेल. बॅकअप घेतल्याशिवाय यांपैकी काहीही सुरू करू नये.

प्रश्न : बातमीची वेळ साडेपाच तास मागे दिसते. (एक वाचक, नांदेड)

उत्तर : वेगळी सूचना नसेल, तर पीएचपी यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरते. सेटिंग्जच्या फाइलमध्ये ‘डेट.टाइमझोन’पुढे ‘एशिया/कोलकाता’ असे रोमन लिपीत लिहिल्यास नवी वेळ बरोबर येईल. परदेशातही आपले वाचक असतील, तर मात्र डेटाबेसमध्ये यूटीसीच साठवावी आणि वेळेतील बदल ती पानावर दाखवतानाच करावा. आधीच चुकीच्या वेळेने साठलेल्या बातम्या या सेटिंगने आपोआप सुधारणार नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी क्वेरी (डेटाबेसला द्यायची आज्ञा) चालवावी लागेल.