थांबायला सांगणारा गाईड: समुद्री कयाकिंगबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या कयाकच्या (दुहेरी पात्याच्या वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीच्या) सहलींविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली काही इथे घेते आहे. माझं माहेर हर्णैचं. गेली बरीच वर्षं उन्हाळाभर मी त्या किनाऱ्यालगतच्या जॉन्स्टन सामुद्रधुनीत आणि वर उत्तरेला हैडा ग्वाई बेटांवर पाहुण्यांना घेऊन जाते. त्यामुळे माझी उत्तरं त्या पाण्याची आहेत, दुसऱ्या समुद्राला ती जशीच्या तशी लावू नका.

प्रश्न: ताई, मी ५४ वर्षांची, यजमान ५८. तलावात पोहता येतं, पण कयाकमध्ये कधी बसलेलो नाही. मुलगी व्हँकुव्हरला असते. तिने ऑगस्टमध्ये ऑर्का (किलर व्हेल) बघायला पाच दिवसांची सहल सुचवली आहे. आम्हाला झेपेल का? कयाक उलटली तर आतल्या आत सरळ करायचा तो ‘रोल’ यावाच लागतो का? — वाचक, कोथरूड

झेपेल. रोल यायची गरज नाही. नवख्यांना बहुतेक वेळा दोघांची कयाक देतात. ती रुंद असते, सहसा उलटत नाही आणि मागे बसणाऱ्याच्या पायात सुकाणू असतं. हातांपेक्षा त्रास होतो तो पाठीला आणि मांड्यांच्या शिरांना, कारण पाय पुढे पसरून तास-दीड तास बसावं लागतं. आजपासून रोज अर्धा तास जमिनीवर तसं बसायची सवय करा. आठवड्याभरात फरक कळेल.

पोहता येतं हे चांगलंच, पण तिथे प्रश्न गारठ्याचा आहे. प्रवाहांमुळे खोलवरचं पाणी सतत वर येत राहतं, म्हणून भर ऑगस्टमध्येही ते जेमतेम ८ ते १० अंश सेल्सिअस असतं. मॅनिटोबा विद्यापीठातल्या गॉर्डन गीसब्रेख्त यांनी गार पाण्यात पडलेल्या माणसाचं काय होतं याचा अभ्यास केला आहे. त्यांचा ‘एक-दहा-एक’चा हिशेब आम्ही गाईड पाठच करतो. पहिलं एक मिनिट धाप आवरण्यात जातं. मग साधारण दहा मिनिटं हातपाय हवे तसे चालतात, आणि शुद्ध हरपायला सुमारे एक तास लागतो. माझं काम त्या दहा मिनिटांत तुम्हाला परत कयाकमध्ये बसवायचं.

म्हणून पहिल्या सकाळी आडोशाच्या खाडीत मी प्रत्येकाकडून एक गोष्ट करून घेते. कयाकमध्ये पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती बांधतात त्या झाकणाला, म्हणजे स्प्रे स्कर्टला, पुढे एक पट्टा असतो. डोळे मिटून तो हाताने शोधायचा, आधी पुढे आणि मग वर ओढायचा, आणि गुडघे काठावरून मोकळे करायचे. तीनदा, चारदा, हात आपोआप तिथे जाईपर्यंत. काही जण कंटाळतात. कंटाळले तरी मी सोडत नाही.

कंपनी निवडताना गाईडकडे ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या सी कयाक गाईड्स अलायन्स या गाईडांच्या संघटनेचं प्रमाणपत्र आहे का, कोणत्या पातळीचं आहे आणि एका गाईडमागे किती पाहुणे असतात, एवढं विचाराच. आणखी एक विचारा: “मागच्या हंगामात ठरलेला बेत तुम्ही कधी बदललात, आणि का?” यावर ज्याला लगेच दोन-तीन प्रसंग सांगता येतात त्याच्याबरोबर जा. बेत कधी बदलावाच लागत नाही असं सांगणाऱ्याबरोबर जाऊ नका.

आणि आरोग्याचा फॉर्म खरा भरा. रक्तदाबाची गोळी, साखर, जुना खांदा, पाण्याची भीती, सगळं लिहा. आपल्याकडे अशा गोष्टी झाकायची फार सवय आहे. यजमानांच्या खांद्याचं मला किनाऱ्यावर कळलं तर मी त्यांना पुढे बसवीन. पाण्यात कळलं तर माझ्या हातात फार थोडं उरतं.

प्रश्न: गेल्या जुलैत आम्ही सहा जण जॉन्स्टन सामुद्रधुनीत गेलो होतो. स्वच्छ ऊन होतं, तरी गाईडने दीड दिवस आम्हाला एका किनाऱ्यावर बसवून ठेवलं, कारणही सांगितलं नाही. डोळ्यांदेखत दुसरा गट वल्हवत गेला. रॉबसन बाइटची खाडी बघायची राहिली ती राहिलीच. एवढे पैसे भरून हे योग्य आहे का? — वाचक, नाशिक

तुमची हळहळ समजते. पण तुमच्या गाईडचा निर्णय मला बरोबर वाटतो, आणि का ते नीट सांगते.

हवा चांगली म्हणजे ऊन, असा आपला समज असतो. जॉन्स्टनमध्ये उलटं आहे. उन्हाळ्यात पॅसिफिकवर जास्त दाब असतो. आतला मुलूख तापला की तिथला दाब उतरतो आणि वायव्येचा वारा त्या दिशेने धावतो. सामुद्रधुनी अरुंद, दोन्ही बाजूंना उभे डोंगर, त्यामुळे वारा त्या बोळातून जोर धरून येतो. सकाळी धुकं आणि आरशासारखं पाणी, दुपारी निरभ्र आकाश आणि २५ ते ३० नॉटचा (ताशी साधारण ४५ ते ५५ किलोमीटर) वारा, असे दिवस जुलै-ऑगस्टमध्ये लागोपाठ येतात. त्यात तिथली ओहोटी पश्चिमेकडे वाहते, म्हणजे थेट वाऱ्याच्या तोंडावर. खाडीच्या मुखाशी ओहोटीचं पाणी आणि समोरचा वारा भिडला की लाटा कशा उभ्या राहतात, ते कोकणातल्या कोणालाही विचारा. नवख्या गटाचा वेग तीन नॉटच्या आसपास असतो. अशा वाऱ्यात तो वेग शून्यावर येतो आणि माणसं थकतात ती तिथेच.

दुसरा गट गेला, हे खरं असेल. पण त्यात किती जण होते, किती सरावाचे होते, कुठे निघाले होते, हे किनाऱ्यावरून दिसत नाही. गाईड आपल्या गटातल्या सर्वांत दमलेल्या माणसाकडे बघून ठरवतो. तुमच्या सहांत तो कोण होता, हे त्याला माहीत होतं.

१९९३ सालची एक दुर्घटना प्रत्येक गाईडने अभ्यासलेली असावी असं मला वाटतं. २२ मार्चला इंग्लंडमध्ये लाइम बे इथे आठ शाळकरी मुलं, त्यांचे शिक्षक आणि दोन प्रशिक्षक कयाक घेऊन निघाले. जेमतेम दोन-तीन मैलांचं अंतर. शिक्षकांची कयाक पुन्हा पुन्हा उलटू लागली, म्हणून एक प्रशिक्षक त्यांच्यापाशी थांबला. दुसऱ्याने मुलांच्या कयाक एकमेकींना धरून ठेवायला लावल्या. जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याने त्यांना खोल पाण्यात ढकललं आणि दोन्ही गट एकमेकांना दिसेनासे झाले. त्यांच्याकडे ना रेडिओ होता, ना धोक्याचा इशारा द्यायला फ्लेअर. चार मुलं दगावली. पुढे १९९५ मध्ये ब्रिटनने मुलांना साहसी खेळांना नेणाऱ्या केंद्रांसाठी परवान्याचा कायदा केला.

ही हकीकत मी प्रत्येक नव्या साहाय्यक गाईडला सांगते. त्या दिवशी समुद्राला तुफान नव्हतं. अपुरा अनुभव, अपुरं सामान आणि निघायचं ठरलं आहे म्हणून निघणं, एवढ्यानेच तो घात झाला. गट एकदा फुटला की दोन गाईड असूनही प्रत्येक जण एकटाच असतो. म्हणून खरा निर्णय वाळूवर उभं असताना घ्यायचा असतो.

रॉबसन बाइटविषयी. १९८२ पासून ते राखीव आहे, कारण ऑर्का तिथल्या उथळ पाण्यात गोट्यांवर अंग घासायला येतात. त्या हद्दीत कयाकनेही शिरू नये अशी अपेक्षा असते, आणि एरवीही ऑर्कापासून २०० मीटर दूर राहायचा नियम आहे. म्हणजे वारा नसता तरी गाईडने तुम्हाला आत नेलं नसतं. सहल विकताना कोणी तसं सांगितलं असेल, तर ती तक्रार जरूर करा.

गाईडचं एक मात्र मला पटलं नाही. तुम्हाला त्याने नुसतं बसवून ठेवलं, कारण सांगितलं नाही. मी रेडिओवरचा अंदाज पाहुण्यांना शेजारी बसवून ऐकवते. चॅथम पॉइंटच्या दीपगृहावर वारा किती, फॅनी आयलंडच्या यंत्रावर किती, ओहोटी कधी वळणार, हे नकाशावर बोट ठेवून दाखवते. मग थांबण्याचा निर्णय सगळ्यांचा होतो. पैशांचं म्हणाल, तर हवामानामुळे थांबल्यास परतावा नाही असं बहुतेक करारांत असतं. तुमचा करार काढून वाचा.

प्रश्न: विचारायला संकोच वाटतो, पण शौचाचं काय? आणि पाळी आली तर? — वाचक, कोल्हापूर

संकोच कशाला, हे सगळ्यांत आधी विचारावं. कंपन्यांच्या नेहमीच्या मुक्कामांवर बहुधा लाकडी शौचकूप असतं. व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या ब्रोकन ग्रुप बेटांवर राष्ट्रीय उद्यानाने कंपोस्ट होणारी शौचालयं बांधली आहेत. जिथे काहीच नसतं तिथे पिशवीत बांधून परत आणायचं, आणि ती पिशवी गाईडने आधी दाखवायला हवी. पॅड वापरत असाल तर दुहेरी बंद पिशवीत ठेवा आणि रात्री ती खाण्याच्या सामानाबरोबर झाडावर टांगायला द्या, तंबूत ठेवू नका, कारण वास अस्वलांना लांबून येतो. मेन्स्ट्रुअल कपची सवय असेल तर सोपं जातं. दर दीड-दोन तासांनी किनाऱ्याला लागायचं, असं गाईडकडून आधीच ठरवून घ्या. लघवीला जावं लागेल म्हणून बायका पाणी कमी पितात, मग डोकं चढतं आणि थंडीही जास्त वाजते. कृपा करून तसं करू नका.

प्रश्न: मी २२ वर्षांचा, मालवणचा. वडिलांची मासेमारीची होडी आहे. मला परदेशात कयाक गाईड व्हायचं आहे. कसं जमेल? — वाचक, मालवण

वारा आणि पाणी वाचायला तू लहानपणापासून शिकलास, ते कोणत्याही कोर्समध्ये इतक्या सहज मिळत नाही. पण आकडे नवे असतील. मालवणला भरती-ओहोटीत साधारण दोन-अडीच मीटरचा फरक पडतो. हैडा ग्वाईच्या पूर्व किनाऱ्यावर तो सात मीटरच्या आसपास जातो. संध्याकाळी पाण्यापासून लांब वाटलेला तंबू मध्यरात्री पाण्यात असू शकतो. म्हणून आम्ही वाहून आलेल्या ओंडक्यांच्या रांगेच्याही वर चढतो आणि कयाक झाडाला बांधतो. सेमूर नॅरोज या अरुंद सामुद्रधुनीत प्रवाह १५ नॉटपर्यंत जातो. तिथे पाणी थांबायची वेळ साधावी लागते, ताकदीचा उपयोग नाही.

तुला शिकायची आहेत ती माणसं. गाईडच्या दिवसातलं वल्हवणं अर्ध्याहून कमी. पहाटे उठून अंदाज ऐकायचा, चहा-कॉफी करायची, दहा जणांचा नाश्ता रांधायचा, भांडी खाऱ्या पाण्यात घासायची, सामान कयाकमध्ये भरायचं, तेही जड ते खाली आणि बैठकीजवळ. मग दिवसभर बघत राहायचं की कोण गप्प झालं, कोणाचं वल्हं पाण्याला नुसतं लागतंय, कोणाचे ओठ निळे पडलेत. गप्प झालेल्या माणसाकडे आधी जायचं, हे विसरू नकोस.

सुरुवात घरापासून कर. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे जीवरक्षकाचं प्रशिक्षण घे. दवाखाना दूर असताना करायचा प्रथमोपचार शीक. मग देवबागच्या संगमावर, कर्ली समुद्राला मिळते तिथे, ओहोटीच्या वेळी एखाद्या जाणत्या माणसाबरोबर कयाक घेऊन पाणी समजून घे. ब्रिटिश कोलंबियात पहिली पायरी मुक्कामी सहलींच्या साहाय्यक गाईडची. त्यासाठी रेडिओचा परवाना आणि प्रथमोपचार लागतो, आणि मुख्य गाईडच्या हाताखाली राबावं लागतं. काम मे ते सप्टेंबरचं, बाकीचे महिने दुसरं काही बघावं लागतं. कॅनडात काम करण्याचा परवाना सरकारच्या अधिकृत मार्गानेच घे, पैसे घेऊन गाईडची नोकरी लावून देतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नकोस.

प्रश्न: माझी मुलगी यंदा हैडा ग्वाईच्या दक्षिणेकडच्या ग्वाई हानास राष्ट्रीय उद्यानात साहाय्यक गाईड म्हणून जाते आहे. आठ-आठ दिवस फोन लागणार नाही म्हणते. अस्वलं आहेत, लांडगे आहेत. मला झोप लागत नाही. — एक आई, मुलुंड

लांडग्यांची भीती काढून टाका. हैडा ग्वाईत लांडगे नाहीत, ग्रिझली अस्वलं नाहीत आणि कूगर (पहाडी सिंह) ही नाहीत. काळी अस्वलं आहेत, तीही मोठी, पण ती बहुतेक ओहोटीला दगड उलथून खेकडे खाण्यात गुंतलेली असतात. अन्न तंबूपासून दूर ठेवलं आणि स्वयंपाकाची जागा धुऊन घेतली की ती वाटेला जात नाहीत. जनावर बिघडतं ते माणसाच्या खाण्याने. व्हँकुव्हर बेटाजवळच्या व्हार्गस बेटावर २००० साली एका लांडग्याने किनाऱ्यावर झोपलेल्या कयाकरवर हल्ला केला. तिथल्या लांडग्यांना त्याआधी माणसांनी खाऊ घातलं होतं.

ग्वाई हानास निर्मनुष्यही नाही. १९९३ च्या करारापासून तिथले मूळ रहिवासी हैडा लोक आणि कॅनडा सरकार मिळून तो प्रदेश सांभाळतात. सगांग ग्वाय, तानू यांसारख्या जुन्या गावांच्या जागी उन्हाळाभर हैडा वॉचमन, म्हणजे त्या जागांचे राखणदार, राहतात. किनाऱ्याला लागण्याआधी त्यांना रेडिओवर विचारायचं आणि एका वेळी बारापेक्षा जास्त माणसं उतरवायची नाहीत, असा रिवाज आहे. तुमची मुलगी त्यांच्या हद्दीत पाहुणी म्हणून जाते आहे, आणि तिचा आवाज रेडिओवर त्यांच्या कानावर पडत राहील. फोन लागत नसला तरी गटाकडे उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र असायला हवं. ते कोणाच्या जॅकेटमध्ये असतं, हे तिला विचारा. बॅगेत असतं म्हणाली तर ते अंगावर ठेवायला सांगा.

निघण्यापूर्वी तिच्याकडून एक कागद लिहून घ्या. मुक्काम कुठे कुठे, परत कोणत्या तारखेला, कंपनीचा नंबर, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर कंपनी व्हिक्टोरियाच्या बचाव समन्वय केंद्राला कळवणार. ती वेळ भारतीय वेळेत लिहून घ्या, नाहीतर हिशेबात घोटाळा होतो. जोराचा वारा असला तर एखादा दिवस उशीर धरूनच ती वेळ ठरलेली असते. त्या वेळेआधी फोन करू नका, आणि ती उलटली तर मध्यरात्र असली तरी संकोच न करता करा.