अमेरिकन फुटबॉलमधला सगळ्यात भारी क्वार्टरबॅक (पास टाकून टीमचा हल्ला चालवणारा खेळाडू) कोण? टॉम ब्रेडीच ना?

ट्रॉफ्या मोजायच्या तर ब्रेडीच, ७ सुपर बोल (म्हणजे लीगच्या फायनल) आहेत त्याच्या नावावर, त्यात वादच नाही. पण मला विचाराल तर मी जॉनी युनायटसचं नाव घेईन.

हा पिट्सबर्गचा पोरगा. ५ वर्षांचा असताना वडील गेले, आईने त्यांचा कोळसा पोचवायचा धंदा चालवून पोरं वाढवली. १९५५ ला पिट्सबर्गच्याच स्टीलर्स टीमने त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत नवव्या राउंडला घेतला आणि सीझन सुरू व्हायच्या आधीच घरी पाठवला. मग काय, दिवसा बांधकामावर मजुरी आणि ब्लूमफील्ड रॅम्स नावाच्या लोकल टीमकडून मॅचला ६ डॉलरवर खेळणं. पुढच्या वर्षी बाल्टिमोर कोल्ट्सनी बोलावलं, तिथे मेन क्वार्टरबॅकचा पाय मोडला म्हणून शिकागोविरुद्ध याला उतरवलं, तर त्या मॅचमधला त्याचा पहिलाच पास समोरच्याने पकडला आणि थेट टचडाउन केलं, म्हणजे बॉल मैदानाच्या टोकापार नेऊन गुण मिळवले! एखाद्याचं करिअर तिथेच संपलं असतं.

आता १९५८ ची फायनल बघा. २८ डिसेंबर, न्यूयॉर्कचं यँकी स्टेडियम, समोर जायंट्स. कोल्ट्स १४-१७ ने मागे, जेमतेम दोन मिनिटं उरलेली आणि बॉल स्वतःच्या १४ यार्डवर, म्हणजे जवळजवळ अख्खं मैदान पार करायचं. युनायटसने आपल्याच टीमच्या रेमंड बेरीला लागोपाठ तीन पास टाकले, २५, १५ आणि २२ यार्डांचे. समोरच्यांना कळत होतं की बॉल बेरीकडेच जाणार तरी थांबवता येईना, कारण हे दोघं प्रॅक्टिस संपल्यावरही थांबून तेच तेच घोटून घ्यायचे. ७ सेकंद राहिले असताना फील्ड गोल (बॉल लाथेने खांबांमधून मारला की ३ गुण), मॅच बरोबरीत, मग ओव्हरटाइममध्ये ८० यार्ड जाऊन अॅलन अमीचीने टचडाउन केलं आणि कोल्ट्स २३-१७ ने जिंकले. या एका मॅचने प्रो फुटबॉलला टीव्हीवर खरा प्रेक्षक मिळवून दिला असं मानतात आणि मला ते पटतं.

आणि महत्त्वाचं म्हणजे पुढची चाल कोणती हे तो बहुतेक वेळा मैदानावर स्वतः ठरवायचा. आता कोच हेल्मेटमधल्या स्पीकरवरून सांगतो. माझं मत त्याच्या बाजूने जातं ते मुख्यतः यामुळे. शिवाय सलग ४७ मॅचमध्ये निदान एक तरी टचडाउन पास, १९५६ ते १९६०, हा रेकॉर्ड मोडायला २०१२ उजाडलं, ड्रू ब्रीसने मोडला. ते पण त्या काळात जेव्हा क्वार्टरबॅकला हाणायला आजच्यासारखे नियम आडवे येत नव्हते. त्याची किंमतही मोजली त्याने, म्हातारपणी उजवा हात जवळपास निकामी झाला होता, ज्या हाताने ४०,००० यार्डांच्या वर पास टाकले तोच हात. २००२ ला हार्ट अटॅकने गेला.

१९८४ ला मालकाने कोल्ट्स टीम रातोरात ट्रकमध्ये भरून इंडियानापोलिसला नेली तेव्हा हा प्रचंड चिडला होता, आपलं नाव फक्त बाल्टिमोरशीच जोडावं म्हणून अडून बसला. बाल्टिमोरकर हे विसरलेले नाहीत. नंतर बाल्टिमोरला आलेल्या रेवन्स टीमच्या स्टेडियमबाहेर आजही याचा पुतळा आहे, आणि रेवन्सकडून तर तो एकही मॅच खेळला नव्हता.