उ: ‘फुलसम प्रेझ’चं भाषांतर चुकलं का?

तुम्ही लिहिलंय की भाषांतराच्या टेस्टमध्ये इंग्रजी ‘फुलसम प्रेझ’ (fulsome praise) याचं भाषांतर ‘भरभरून कौतुक’ असं केलंत आणि तपासणाऱ्याने लाल खूण केली, शिवाय नॉइसम (noisome), एनर्व्हेट (enervate) आणि डिसइंटरेस्टेड (disinterested) हे शब्दही चुकले. वाचलं आणि माझी अकरा वर्षांपूर्वीची अवस्था डोळ्यासमोर आली, म्हणून सविस्तर लिहितेय. मी भाषाशास्त्र शिकलेले नाही, पोटापाण्यासाठी भाषांतर करते, तेवढ्याच अधिकाराने बोलतेय. उपसर्ग-प्रत्यय, कोश कसा बघायचा वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही.

फुलसममध्ये तुम्ही अगदीच चुकलेला नाहीत. मध्ययुगातल्या इंग्रजीत तो खरंच ‘भरपूर’ याच अर्थाने होता. पुढे त्यावर ‘इतकं झालं की शिसारी यावी’ असा अर्थ चढला, आणि आज स्तुतीबरोबर आला की जाणकार वाचकाला त्यात मस्का लावल्याचा वास येतो. म्हणून ‘खुशामत’ किंवा ‘अति गोडगोड स्तुती’ जवळ जातं. पण चांगल्या अर्थाने लिहिणारेही भरपूर आहेत आणि कोश दोन्ही अर्थ देतात, तेव्हा कोण कोणाबद्दल बोलतंय ते बघायचं. आभाराच्या पत्रात असेल तर माणसाला बहुधा भरभरूनच म्हणायचंय. तुमच्या वाक्यात दरबारी लोक राजाची स्तुती करतायत, तिथे लाल खूण बरोबर आहे असं माझं मत.

नॉइसमचा नॉइजशी, म्हणजे आवाजाशी, काही संबंध नाही, तो ‘अनॉय’च्या (त्रास देणं) घरातला. अर्थ दुर्गंधीचा, किळसवाणा, अपायकारक. नॉइसम गल्लीत चिटपाखरूही नसेल, पण नाकाला रुमाल लावावा लागेल. एनर्व्हेट ऐकायला एनर्जीसारखा आणि अर्थ नेमका उलटा. लॅटिनमध्ये नर्व्हस म्हणजे कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी), ती काढून टाकली की जे होईल ते, म्हणजे अंगातलं त्राण जाणं. ‘एनर्व्हेटिंग हीट’ला आपल्याकडे तयार शब्द आहे, जीव गळून जाईल असं ऊन. हे दोन पाठ करून टाका, यात वाद नाहीत.

आता डिसइंटरेस्टेड. माझं सगळ्यात मोठं नुकसान याने केलं.

एका एजन्सीकडून काम आलं होतं, नाव घेत नाही. एक्सेल शीट, डाव्या रकान्यात इंग्रजी वाक्यं, उजवा रकाना रिकामा, कुठे शीर्षक नाही, आधीचं-नंतरचं काही नाही, आणि वाक्यंही क्रमाने नाहीत. ४७ नंबरच्या ओळीत होतं, ‘द विटनेस मस्ट बी डिसइंटरेस्टेड’. मी मेल केली की हे कशातलं आहे, पूर्ण पान मिळेल का. उत्तर आलं, संदर्भ देता येत नाही, शब्दाप्रमाणे करा. कोश उघडला तर तिथे ‘निःपक्षपाती’ही आणि ‘रस नसलेला’ही. मी लिहिलं, ‘साक्षीदाराला या विषयात रस नसावा’, आणि फाइल पाठवून दिली.

ती होती मृत्युपत्र कसं करावं याची माहितीपुस्तिका. म्हणणं असं होतं की मृत्युपत्रातून ज्याला काही मिळणार आहे असा माणूस साक्षीदार नको. पुस्तिका छापली, वाटली, आणि ती वाचून एका घरात मुलानेच साक्षीदार म्हणून सही केली, कारण तो सगळ्यांना सांगत होता की मला घराबिरात काही रस नाही. घर त्यालाच मिळणार होतं. नंतर वकिलाने कागद बघितल्यावर चूक सापडली. पुस्तिका परत छापाव्या लागल्या, माझे त्या अख्ख्या कामाचे पैसे कापले आणि पुढे दोन वर्षं तिथून एक ओळ आली नाही. मी संदर्भ मागितला होता हे कोणी ऐकूनही घेतलं नाही. अजून राग येतो. संदर्भ न देता सुटी वाक्यं पाठवणं म्हणजे डोळे बांधून सुई ओवायला लावणं आहे, आणि बोटाला टोचली की दोष ओवणाऱ्याचा.

पण माझीही चूक होतीच. शंका मेलमध्ये विचारली आणि फाइलमध्ये काहीच लिहिलं नाही. मेल कोण वाचतो, फाइल पुढे जाते. आता मी त्याच सेलला कमेंट टाकते, ‘दोन अर्थ शक्य, अमुक धरला आहे, खात्री करा’. तुम्हीही टेस्टमध्येसुद्धा हे करा, कोणी काही म्हणो.

फरक म्हणाल तर इंटरेस्टला मराठीत वेगवेगळी घरं आहेत: रस, हितसंबंध आणि बँकेतलं व्याज. अनइंटरेस्टेड म्हणजे रस नसलेला. डिसइंटरेस्टेड म्हणजे हितसंबंध नसलेला. पंचाला कोण जिंकतं याच्याशी देणंघेणं नसावं, पण खेळावर त्याचं बारीक लक्ष हवं. गंमत बघा, ‘देणंघेणं नाही’ हे आपणही दोन्ही अर्थांनी वापरतो, त्यामुळे कायद्याच्या मजकुरात मी तेही टाळते आणि सरळ ‘ज्याचा यात फायदा-तोटा नाही असा’ लिहिते. लांब होतं, होऊ दे. (कायद्याचा कागद खरोखरचा असेल तर वकिलालाच दाखवा, माझ्या भरवशावर राहू नका.)

कोणी येऊन सांगेल की डिसइंटरेस्टेडचा ‘रस नसलेला’ हा अर्थ नव्या पिढीने बिघडवला. तसं नाहीये. सतराव्या शतकात तो त्या अर्थाने होता आणि अनइंटरेस्टेड तेव्हा ‘निःपक्षपाती’ म्हणून वापरलेला सापडतो, दोघांनी नंतर जागा बदलल्या. म्हणून वाचताना दोन्ही अर्थ मनात धरा, स्वतः लिहिताना मात्र पक्का फरक पाळा, नाहीतर ‘इम्पार्शल’ (निःपक्षपाती) लिहून मोकळे व्हा.

जाता जाता, सुरक्षेचे लेबल करायला आले तर इनफ्लेमेबलपासून सांभाळा. त्यातला ‘इन’ नकाराचा नाही, इनफ्लेमेबल आणि फ्लेमेबल दोन्हींचा अर्थ पेट घेणारं. लोक ‘न पेटणारं’ समजतील या भीतीने अमेरिकेत १९२० च्या दशकात अग्निसुरक्षेवाल्यांनी फ्लेमेबल हाच शब्द वापरा म्हणून आग्रह धरला. मराठीत ‘ज्वलनशील’ लिहा आणि मूळ शब्द नजरचुकीने ‘अ’ लावून ‘अज्वलनशील’ झाला नाही ना ते दोनदा बघा, मी एकदा दुसऱ्याच्या फाइलमध्ये हे पकडलंय.

तुमचं एनर्व्हेटचं वाक्य अर्धंच दिसतंय, कर्ता कोण आहे ते कळत नाही. पूर्ण वाक्य टाका, त्याला मराठीत क्रियापद कुठलं घ्यायचं ते मग बघू.