ब्रॉयलरला ई-कोलाय झाल्यावर अमिनो ॲसिडचं टॉनिक दिलं तर दाह कमी होतो का?

मी पशुवैद्यक आहे आणि माझा बहुतेक वेळ ब्रॉयलरच्या शेडमध्येच जातो. तुमच्या बॅचला ई-कोलाय या जिवाणूमुळे मर लागलीय, दुकानदाराने पाण्यातून द्यायला टॉनिक दिलंय आणि त्याने दाह उतरेल का, असं तुम्ही विचारताय. एकट्या टॉनिकने नाही उतरणार. काही अमिनो ॲसिडं (प्रथिनांचे घटक) तर दाह पेटवायच्याच कामी येतात.

मेलेला पक्षी फाडून बघितलात तर हृदयावर आणि लिव्हरवर पांढरट-पिवळा पापुद्रा दिसेल, बोटाने ओढला की सोलून निघणारा. तो फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठताना तयार होणाऱ्या चिवट प्रथिनाचा. त्यासाठी लागणारं फायब्रिनोजेन हे प्रथिन लिव्हर बनवतं, आणि नेमकं तेव्हाच पक्ष्याने खाणं टाकलेलं असतं. मग शरीर छातीचं मांस मोडून अमिनो ॲसिडं काढतं. आजारी पक्षी उचलला की छातीच्या हाडाची धार हाताला लागते, ती यामुळेच.

खरी गंमत आर्जिनिन या अमिनो ॲसिडची. मॅक्रोफेज नावाच्या, जिवाणू गिळणाऱ्या पेशी त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनवतात. त्याने जिवाणू मरतात, पण ते जास्त झालं तर पक्ष्याच्या स्वतःच्या ऊतीही होरपळतात. हेच आर्जिनिन आर्जिनेज या एन्झाइमच्या हाती पडलं तर ऑर्निथिन तयार होतं आणि ते जखम भरायला उपयोगी पडतं. एकच माल, दोन गिऱ्हाइकं. गाय किंवा डुक्कर थोडंफार आर्जिनिन स्वतः बनवतात. कोंबडीत यूरिया चक्र, म्हणजे ज्यात आर्जिनिन बनतं ती क्रियांची साखळी, पूर्ण नसतं, त्यामुळे तिला ते खाद्यातूनच मिळायला हवं. त्यात लायसीन हे दुसरं अमिनो ॲसिड बेसुमार झालं तर मूत्रपिंडातलं आर्जिनेज वाढतं आणि असलेलं आर्जिनिनही मोडून जातं.

दाह आवरणारी बाजूही आहे. मेथिओनिन या अमिनो ॲसिडपासून सिस्टीन आणि त्यापासून ग्लुटाथायोन बनतं, ते या झटापटीत तयार होणारे, ऊतींना इजा करणारे ऑक्सिडंट निकामी करतं.

तेव्हा आधी ताजा मेलेला पक्षी प्रयोगशाळेत पाठवून कुठलं अँटिबायोटिक चालतं ते तपासून घ्या. शेडमध्ये अंथरलेला तूस ओला असेल तर बदला. त्यातून सुटणाऱ्या अमोनियाने श्वासनलिकेचं अस्तर खराब होतं आणि ई-कोलाय बहुतेकदा तिथूनच आत शिरतो. टॉनिक द्यायचंच असेल तर बाटलीवरचं लेबल वाचा. नुसतं लायसीन भरपूर आणि आर्जिनिनचा पत्ता नाही, अशी बाटली परत करा.