सकाळी प्रार्थना होते, पण दुपारपर्यंत प्रभूची आठवणही राहत नाही. रोजच्या जगण्यात जागृत कसं राहायचं?

दहा कुमारींचा दाखला (मत्तय २५) पुन्हा एकदा वाचा. वराला उशीर झाला तेव्हा शहाण्या पाचजणीही झोपी गेल्या होत्या. फरक पडला तो दिव्यांच्या तेलामुळे: शहाण्यांनी ते जास्तीचं बरोबर घेतलं होतं. म्हणून दुपारी आठवण निसटली एवढ्यावरून आपला विश्वास खोटा, असं मानू नका.

उपदेशांत गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरणारा सैतान (१ पेत्र ५:८) बऱ्याचदा येतो, आणि ते खरंच आहे. पण रोजच्या जगण्यासाठी मला लूक २१:३४ जास्त जवळचं वाटतं. अंतःकरण कशाने जड होतं हे सांगताना येशू दारूबाजीच्या शेजारीच संसाराच्या चिंता ठेवतो. आपण पीत नाही म्हणून निर्धास्त असतो. पण मुलांची फी, घराचा हप्ता, आईचं ऑपरेशन यांनीही तशीच गुंगी चढते. येशूच्या अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत शिष्य झोपले होते तेही दुःखाने, असं लूक लिहितो (२२:४५). तेव्हा स्वतःला आळशी ठरवण्याआधी मनावर कशाचं ओझं आहे ते बघा आणि प्रार्थनेत त्याचं नाव घ्या. 'प्रभू, आशीर्वाद दे' एवढ्यावर थांबू नका.

दुपारचा त्रास तर फार जुना. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रियस या ख्रिस्ती तपस्व्याने साधारण सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान येणाऱ्या मरगळीचं वर्णन केलंय: सूर्य जागचा हलत नाहीसं वाटतं, नजर सारखी खिडकीकडे जाते, राहती जागा नकोशी होते. आपण विनाकारण मोबाइल हातात घेतो तो बहुधा याच वेळी. मनात येणाऱ्या वाईट विचारांना उत्तर देण्यासाठी त्याने शास्त्रवचनं गोळा करून ठेवली होती. अरण्यात येशूनेही सैतानाला तिन्ही वेळा जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातल्या वचनानेच उत्तर दिलं. माझी अडचण रागाची, म्हणून याकोब १:१९ (ऐकायला तत्पर, बोलायला आणि रागवायला सावकाश असा) पाठ केलंय. ऑफिसात आवाज चढायला लागला की मनातल्या मनात म्हणतो. तुमची अडचण वेगळी असेल. तिच्यासाठी सध्या एकच वचन निवडा.

रात्री झोपण्यापूर्वी इग्नेशियस लोयोलाची, म्हणजे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या संस्थापकाची रीत. मी प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलो, तरी जेझुइटांची ही पद्धत मनापासून स्वीकारली आहे: देवाचे आभार, प्रकाशाची मागणी, दिवसाची उजळणी, क्षमा आणि उद्याचा निश्चय. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. आभार पहिले, हा क्रम मोडू नका. थेट उजळणीला बसलं की चुकांची यादी तेवढी हाती लागते आणि मन आणखी खचतं.

आणि हे एकट्याने करू नका. गेथशेमानेत येशूनेसुद्धा पेत्र, याकोब आणि योहान यांना बरोबर घेतलं आणि माझ्याबरोबर जागे राहा म्हणून सांगितलं. रविवारी 'कसे आहात' विचारून पुढे न जाता खरोखर चौकशी करेल असं एक माणूस मंडळीत शोधा. ते पाळकच असले पाहिजेत असं नाही. माझ्यासाठी हे काम आमच्या मंडळीतल्या एक निवृत्त शिक्षिका करतात. आठवड्याच्या मध्ये त्यांचा फोन येतो आणि त्या सरळ विचारतात, "या आठवड्यात कोणावर चिडलास? त्याच्यासाठी प्रार्थना केलीस का?"