२४०झेड घेताय? आधी बॅटरी उचला
रंगाला भुलू नकोस. १९६९ साली डॅटसन २४०झेड ही जपानी स्पोर्ट्स कार आली तेव्हा पत्रा पातळ आणि गंजापासून संरक्षण जेमतेम. आधी बॅटरी उचलून ट्रेखाली बघ, सांडलेल्या ॲसिडने तिथला पत्रा खाल्लेला असतो. मग कार्पेट काढून फ्लोअर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोक. खणखणीत वाजला तर ठीक. भद्द वाजला तर समज, वर पुट्टी, खाली गंज. मी एकदा चकाकीवर गेलो नि वर्षभर वेल्डिंगच करत बसलो.

२३९३ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन दणकट, त्याची फार चिंता नको. कार्ब्युरेटर (इंजिनात जाणारं पेट्रोल नि हवा मिसळणारा भाग) मात्र १९७३चे सपाट डोक्याचे असतील तर आधीचे गोल डोक्याचे शोध. आणि काढलेली तुटकी क्लिपसुद्धा फेकू नकोस, नवी बनवताना नमुना म्हणून तीच लागते.