मनगटातली गाठ: खरवडायची की हाडच काढायचं?

प्रश्न: मी ३१ वर्षांची, लालबागला पोळी-भाजी केंद्र चालवते. उजव्या मनगटाला अंगठ्याच्या बाजूने सूज आहे, लाटणं धरलं की कळ येते. बायोप्सीत 'जायंट सेल ट्यूमर' (हाडातली एक गाठ) निघाला. कॅन्सर नाही म्हणाले. एक डॉक्टर खरवडू म्हणतात, दुसरे हाडाचं टोकच काढू म्हणतात. कोणाचं ऐकू?

उत्तर: ताई, आधी एमआरआय बघायला हवा. हाडाचं कवच बऱ्यापैकी शाबूत असेल, तर खरवडण्याबद्दल आग्रहाने विचारा. हाडाला खिडकी पाडून गाठ काढतात, फिरत्या बरने (हाड घासायच्या छोट्या यंत्राने) पोकळीच्या भिंती घासतात आणि बोन सिमेंट किंवा हाडाचं कलम भरतात. सांधा तुमचाच राहतो. मात्र गाठ पुन्हा येण्याची भीती यात जास्त, म्हणून पुढची काही वर्षं तपासणी चुकवायची नाही.

गाठ कवच फोडून बाहेर पसरली असेल, तर टोक काढणंच बरं. तिथे पायाचं फिब्युला हाड बसवतात, किंवा मनगट कायमचं जोडून टाकतात. जोडलेलं मनगट वाकत नाही, पण पकड चांगली राहते. ओपीडीत मी अशा पेशंटला टेबलावर पेन लाटायला लावतो. जोर कोपर-खांद्यातून येताना दिसतो. तुम्हीही आज मनगटाला पट्टा बांधून एक पोळी लाटून बघा, दुखलं तर लगेच थांबा.

छातीचा स्कॅन झाला नसेल तर करून घ्या, कॅन्सर नसली तरी ही गाठ क्वचित फुप्फुसात जाते. आणि मालीश आजपासून बंद.